रविवारच्या १६ किलोमीटरनंतर काय प्यायचं?

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर लगेच कळेल. वय ४३, वजन ७४ किलो, डोंबिवलीत घर, बँकेत नोकरी. आठवड्यात तीन दिवस सकाळी ६ किलोमीटर पळणं, दोन दिवस जिम, आणि साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी म्हणून रविवारी १६ किलोमीटर. जिमच्या ट्रेनरनं साडेचार हजारांचा रिकव्हरी पावडरचा डबा सुचवलाय आणि 'अर्ध्या तासात घेतला नाही तर व्यायाम वाया' असं बजावलंय. पळणारे मित्र शहाळं म्हणतात, बायको लिंबू सरबत म्हणते. तुम्ही सध्या येऊन एक चहा घेता, मग भरपूर साधं पाणी पिता, आणि भूक नसते म्हणून अकरापर्यंत काही खात नाही. रविवारी दुपारी डोकं असं धरतं की संध्याकाळ वाया जाते. तर यातलं नेमकं काय प्यावं?

मी गेली अठरा वर्षं खेळाडूंच्या आहाराचं काम करते. माझ्याकडे हौशी पळणारे येतात, कबड्डीच्या मुली येतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात. सगळ्यांचा प्रश्न 'कोणतं पेय चांगलं' असाच असतो. तुमच्या मजकुरात मला सगळ्यात कामाची वाटली ती डोकेदुखीची ओळ. मंगळवारी, गुरुवारी डोकं दुखत नाही, रविवारीच दुखतं. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ट्रेनर दोन्हींवर एकच डबा देतोय.

मधल्या दिवसांचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. पळताना साधारण किलोमीटरमागे वजनाच्या दर किलोला एक कॅलरी लागते. तुमच्या ६ किलोमीटरचे ४५० च्या आत होतात. त्यासाठी स्नायूंमधला जो साखरेचा साठा वापरला जातो, तो भरायला पुढच्या पळण्यापर्यंत तुमच्याकडे दोन दिवस आहेत. त्या दोन दिवसांत पोहे, पोळ्या, वरण-भात हे सगळं पोटात जाणारच आहे. तेव्हा तहान भागेल इतकं पाणी प्या, आंघोळ करा, नाश्ता करा आणि लोकल पकडा. यात वेगळं रिकव्हरी ड्रिंक कुठे बसवायचं हेच मला कळत नाही. स्पोर्ट्स ड्रिंकचा जन्म १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात झाला. तिथल्या उकाड्यात तासन् तास खेळणाऱ्या फुटबॉलपटूंसाठी डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं. चाळीस मिनिटं पळून ऑफिसला जाणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

अर्ध्या तासाच्या धमकीबद्दल. तिच्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या कुणासाठी. व्यायामानंतर लगेचच्या काही तासांत स्नायू साखर भराभर ओढून घेतात हे खरं. सकाळी एक सामना आणि दुपारी दुसरा असेल, म्हणजे मध्ये आठ तासही नसतील, तर पहिले चार तास दर तासाला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं आम्हीही सांगतो. स्पर्धेच्या दिवशी कबड्डीच्या मुलींच्या मागे मी खरोखर घड्याळ घेऊन लागते. तुमचा पुढचा व्यायाम मात्र उद्या किंवा परवा आहे. साठा चोवीस तासांत भरला तरी पुरतो. प्रथिनांचंही तसंच, व्यायामानंतर जवळजवळ दिवसभर स्नायू ती वापरायला तयार असतात. दार तिसाव्या मिनिटाला बंद होत नाही.

आता रविवार.

येत्या रविवारी निघण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर घाम पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करा. वाटेत किती पाणी प्यायलात ते लक्षात ठेवा. एक किलो कमी झालं तर ढोबळमानानं एक लिटर पाणी गेलं असं धरायचं. समजा जाताना ७४ होतं, आल्यावर ७२.६ भरलं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायला होतात. म्हणजे घाम गेला १.९ लिटर, आणि भरून काढायची तूट आहे १.४. तूट असते त्याच्या सव्वापट ते दीडपट प्यावं लागतं, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. हिशेब पावणेदोन ते दोन लिटरवर येतो, आणि तेही पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं करून, दारातच गटागटा नव्हे.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे असतील. घामाच्या बाबतीत माणसामाणसांत इतका फरक असतो की मी आता अंदाज बांधणं सोडून दिलंय. एकाच बॅचमध्ये एकाच वेगानं पळणाऱ्या दोघांपैकी एकाचा टी-शर्ट पिळून काढावा लागतो आणि दुसऱ्याची नुसती पाठ ओली असते. त्यात तुमच्याकडची हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, अंग थंड होत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढतं. साताऱ्याच्या शर्यतीत, म्हणजे सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात, ढगांत आणि भुरभुर पावसात पळाल तेव्हा हेच आकडे बरेच खाली आलेले असतील. डोंबिवलीचा हिशेब साताऱ्याला लावू नका.

मग तुम्ही भरपूर पाणी पिऊनही डोकं का दुखतं? माझा अंदाज मिठाचा आहे. घामात मिठातलं सोडियम जातं. लिटरमागे कुणाचं अर्धा ग्रॅम, कुणाचं दीड ग्रॅमच्या वर. मध्यावर एक ग्रॅम धरलं तर १.९ लिटरला १.९ ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम मीठ, चहाचा एक सपाट चमचा. त्यावर तुम्ही नुसतं पाणी ओतलंत की रक्त थोडं पातळ होतं. मेंदूला वाटतं पाणी पुरेसं झालं. तहान बंद होते, आणि मूत्रपिंडं जास्तीचं समजून पाणी बाहेर काढतात. तुम्ही दोन लिटर प्यायलात, तासाभरात दोनदा पांढरीस्वच्छ लघवी झाली, तुम्हाला वाटलं भरपाई झाली. प्रत्यक्षात पाणी आलं तसं गेलं. वर अकरापर्यंत पोटात अन्न नाही, म्हणजे मीठही नाही आणि साखरही नाही. दुपारी डोकं दुखणार नाही तर काय!

घामातून मीठ जास्त जातं का हे घरीही कळतं. काळा किंवा गडद निळा टी-शर्ट घालून पळा. वाळल्यावर काखेत, पाठीवर पांढरे नकाशे उमटले, टोपीच्या कडेला पांढरी रेघ दिसली, डोळ्यांत घाम गेला की झोंबतं, तर तुम्ही मिठाच्या घामाचे आहात.

डोकेदुखीची दुसरी कारणंही असू शकतात. ऊन, मान आखडणं, पहाटे साडेचारला उठल्यामुळे अपुरी झोप, चष्म्याचा नंबर. मी इथून तपासू शकत नाही. पण मीठ आणि नाश्ता ही दोन कारणं दोन रविवारांत तपासून होतात आणि त्यांना खर्च नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी. तरीही दुखत राहिलं, किंवा पळतानाच दुखू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: बीपीची गोळी सुरू आहे का? असेल, किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर पुढचं मिठाचं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्रेचाळिसाव्या वर्षी बीपी मोजलेलंच नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मीही सगळ्यांना सरसकट 'पळून आलात की दोन लिटर पाणी संपवा' असं सांगायचे. एका बाईंनी ते मनापासून पाळलं. वजन ५२ किलो, पूर्ण मॅरेथॉन साडेपाच तासांत, वाटेतल्या प्रत्येक टेबलावर पाणी, आणि संपल्यावर माझे दोन लिटर. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना, बोलणं असंबद्ध झालं. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. दवाखान्यात दोन दिवस राहून त्या बऱ्या झाल्या. त्यांचं वजन पळण्याआधीपेक्षा वाढलेलं होतं, आणि ते बघायचं मला सुचलं नव्हतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध पळताना वजन वाढण्याशी होता. तेव्हापासून मी वजन केल्याशिवाय कुणाला लिटरचा आकडा देत नाही.

तर काय प्यायचं? तुमच्या बायकोचं उत्तर सगळ्यात जवळचं आहे, फक्त त्यात मीठ नीट हवं. आपण सरबतात चवीपुरती चिमूट टाकतो. एक लिटर पाण्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, दहा सपाट चमचे साखर, दोन लिंबं. म्हणजे साखर साधारण ४ टक्के आणि सोडियम एक ग्रॅमच्या आसपास. पहिल्यांदा खारट लागेल. पण तासा-दोन तासांच्या पळण्यानंतर तेच गोड लागतं. मिठाची गरज नसते त्या दिवशी ते गिळवत नाही. जिभेवर इतपत विश्वास ठेवायला हरकत नाही.

साखर मिठाच्या सोबत का, हेही सांगते, कारण 'साखर बंद केलीय' म्हणत ती वगळणारे पुष्कळ भेटतात. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाटेनं जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. ओआरएस उभं आहे ते याच तत्त्वावर. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं असंख्य जीव वाचवले. मग ओआरएसच का घेऊ नये? घ्या, चालेल. आजच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. ते जुलाबासाठी बनवलंय, पण खूप खारट घाम असणाऱ्यांना लांब पळण्यानंतर चांगलं मानवतं. अट एकच: पुडी ज्या मापाची असेल तेवढंच पाणी. अर्धी पुडी ग्लासात टाकून हलवणं बंद करा. आणि खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ती त्याच नावानं विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली.

शहाळ्याबद्दल मला वाईटपणा घ्यावा लागतो. शहाळं चांगलंच आहे, पोटाला हलकं आहे, पण त्यात भरपूर असतं ते पोटॅशियम. घामातून प्रामुख्यानं जातं सोडियम, आणि ते शहाळ्यात कमी. तेव्हा शहाळं प्या आणि सोबत काहीतरी खारं खा. मूठभर खारे शेंगदाणेसुद्धा चालतील. उसाच्या रसाचंही असंच. एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर सहज असते, आणि १६ किलोमीटरनंतर ती वाया जात नाही. लिंबू, आलं आणि मीठ घालून घ्या. बर्फ मात्र नको, तो कुठल्या पाण्याचा आहे हे रसवंतीवाल्यालाही ठाऊक नसतं. सोलकढी जेवणावर. बीअर संध्याकाळी, आणि तीही भरपाई म्हणून नाही.

माझी स्वतःची निवड विचाराल तर ताक आणि आंबील. ताकात पाणी आहे, मीठ हवं तेवढं घालता येतं, दूध न पचणाऱ्यांनाही ते सहसा पचतं. पण पातळ ताकात ऊर्जा आणि प्रथिनं फारशी नसतात, ती उणीव आंबील बऱ्यापैकी भरून काढते. आदल्या रात्री दोन-तीन चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, त्यात घट्टसर ताक, मीठ, जिऱ्याची पूड, आवडत असेल तर ठेचलेला लसूण. पळून आल्यावर भूक नसते, घास गिळवत नाही असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी पेलाभर आंबील पोटात जाते. ती धड पेय नाही आणि धड जेवणही नाही, हाच तिचा फायदा. भरतीच्या पोरांना मी हीच देते. त्यांच्याकडे डब्याचे पैसे नसतात आणि नाचणी घरात असते.

दुधाला मी रिकव्हरी ड्रिंकमध्ये मानाचं स्थान देते. अर्ध्या लिटरमध्ये १६-१७ ग्रॅम प्रथिनं, २४ ग्रॅमच्या आसपास साखर, थोडं सोडियम, बरंच पोटॅशियम. आणि ते पोटातून हळूहळू पुढे सरकतं म्हणून पाणी अंगात टिकतं. २००६ साली अमेरिकेत नऊ सायकलपटूंवर चॉकलेट मिल्कचा प्रयोग झाला, त्यानंतर त्याची हवा झाली. प्रयोग लहान होता, पण दुधाबद्दलचा मुद्दा पुढेही टिकला. फक्त पळून आल्या आल्या पिऊ नका. पळताना पोटाकडचं रक्त पायांकडे गेलेलं असतं, वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. दुधानं पोट गुडगुडत असेल तर हट्ट सोडा आणि दह्या-ताकाकडे वळा. कोल्हापुरात तालमीत जोर-बैठका आणि लढती झाल्यावर पैलवान बदाम-खसखशीची थंडाई पितात, ती बघून काहींना मोह होतो. तो खुराक दिवसातून दोनदा मेहनत करणाऱ्या शंभर किलोच्या गड्याचा आहे. आपण ६ किलोमीटर पळून तो घेतला तर पोटच सुटतं!

आता डबा. जिमच्या दिवशी प्रथिनं हवीत यात ट्रेनर बरोबर आहे. एका वेळेला वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला २२ ग्रॅमच्या आसपास. आणि दिवसभरात किलोमागे १.२ पासून पुढे, म्हणजे ९० ग्रॅमच्या घरात. दोन अंडी आणि एक ग्लास दूध झालं की वीस झाले. अंडी खात नसाल तर मटकीची उसळ, वाटीभर दही आणि थोडं पनीर. तुमचं शनिवारपर्यंतचं जेवण लिहून काढा. बहुतेक घरांत रात्री वरण-भातावर भागतं आणि दिवसाची बेरीज ५०-५५ वर अडकते. ती तूट जेवणातून भरली जात नसेल, ऑफिसमुळे जमत नसेल, तर साधं व्हे प्रोटीन घ्या; ते दुधातलंच असतं. तेव्हा ते सोय म्हणून घ्या, घाबरून नको. 'रिकव्हरी' लिहिलेला डबा घेण्याआधी उलटा करून वाचा. एका मापात प्रथिनं किती, साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन किती, सोडियम किती. बरेचदा पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली कर्बोदकांची पूड, असतो, आणि तेवढी कर्बोदकं एका पोळीत गुळासकट मिळतात. तुमच्या डोकेदुखीसाठी लागणारं सोडियम त्यात जेमतेम चिमूटभर निघेल.

तर येत्या दोन रविवारी एवढं करून बघा. निघण्याआधी आणि आल्यावर वजन. पहिल्या अर्ध्या तासात सरबताचे दोन ग्लास, घोट घोट. मग पेलाभर आंबील किंवा मीठ घातलेलं ताक. तासाभरात नाश्ता: पोहे, उपमा, थालीपीठ, काहीही, सोबत अंडी किंवा दही. उरलेलं पाणी दुपारपर्यंत, तहानेप्रमाणे. चहा सोडायची गरज नाही. एक कप चहानं शरीरातलं पाणी कमी होत नाही. फक्त तो पहिला नको, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर नाश्त्यापासून तासभर लांब ठेवा. दुपारी लघवीचा रंग फिकट पिवळा असेल आणि डोकं शांत असेल तर आपलं निदान बरोबर निघालं. चारही वजनं मला कळवा, मग मीठ कमी-जास्त करू.

शेवटी तुम्ही मुलाबद्दल विचारलं होतंत. बारा वर्षांचा आहे, संध्याकाळी तासभर फुटबॉल खेळतो. त्याला पाणी आणि घरचं जेवण पुरे. रंगीत बाटली नको. सुट्टीच्या दिवशी उन्हात दोन सामने असले तर हेच सरबत, मीठ निम्मं करून, बाटलीत द्या, आणि सोबत केळी. केळी दोन द्या, एक तो कुणालातरी देऊन टाकतोच.